तीन कामं आणि रोजची सुटी : ओवीच्या प्रशिक्षणाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

लेकासाठी कुत्रा आणायचा, हे आज घरात पक्कं झालं. नुसता पाळायचा नाही, कामाला शिकवायचा. बायको बँकेत, माझी चाकणला दुसरी पाळी, आई दिवसभर घरी, मोठी लेक सातवीत. प्रत्येकाच्या डोक्यात या कुत्र्याचं वेगळं चित्र आहे, म्हणून जे ठरेल ते एका वहीत लिहायचं.

आधी गरज. लेक आठ वर्षांचा आहे. ऑटिझमच्या मूल्यमापनासाठी आपल्याकडे आयएसएए चाचणी करतात, तिच्या चाळीस मुद्द्यांवर त्याचे गुण मध्यम गटात येतात. बोलतो मोजके शब्द, बाकीचं आयआयटी मुंबईत तयार झालेल्या 'जेलो' ॲपवर चित्रं दाबून सांगतो. जिवाला घोर आहे तो दोन गोष्टींचा. पाण्याचा टँकर दिसला की हात हिसडून पळत सुटतो, मग मध्ये रस्ता असो की रिक्षा. आणि ड्रिलचा किंवा मिक्सरचा आवाज असह्य झाला की स्वतःचं मनगट चावतो. उजव्या मनगटावर घट्टा पडलाय. तिसरी गोष्ट झोपेची, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही त्याच्या, आणि मग आमच्याही.

२८ जानेवारी २०२४

बाहेरच्या देशांत या कामाची घडी बसलेली आहे. कॅनडातल्या 'नॅशनल सर्व्हिस डॉग्ज' या संस्थेने १९९० च्या दशकातच ऑटिझम असलेल्या मुलांसाठी कुत्री तयार करायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये 'डॉग्ज फॉर गुड' आहे, आयर्लंडमध्ये अंधांना वाटाड्या कुत्री देणारी संस्था हेही काम करते. पिल्लाच्या जन्मापासून ते कामाला लागेपर्यंत दीड-दोन वर्षं जातात आणि अर्ज करणाऱ्यांची रांग लांब असते.

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे, पण सहायक श्वान म्हणजे काय याची व्याख्या त्या कायद्यात नाही. 'हा कामाचा कुत्रा आहे' असं सांगून शाळेत, मॉलमध्ये, बसमध्ये नेण्याचा हक्क त्यामुळे सांगता येत नाही. कुणी पैसे घेऊन ओळखपत्र आणि लाल जाकीट देत असेल, तर ते जाकीट घालायला छान, पण त्या कार्डाला कायद्याचं पाठबळ नाही. आमच्या यादीतली निम्मी स्वप्नं इथेच गळाली. उरलं ते घर, जिना, सोसायटीचं आवार, फुटपाथ आणि थेरपी सेंटरपर्यंतची वाट. खरं तर आमचा त्रासही नेमका तेवढ्याच जागेत आहे.

११ फेब्रुवारी २०२४

बायकोने दोन अभ्यास शोधून आणले, रात्री बसून वाचले.

पहिला क्युबेकमधला, २०१० साली छापून आलेला. ४२ मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, मोजलं: घरी कुत्रा येण्याआधी, कुत्रा असताना आणि मध्ये थोडे दिवस कुत्रा काढून घेतल्यावर. सकाळी जाग आल्यावर अर्ध्या तासात हे कॉर्टिसॉल बहुतेकांचं वाढतं. या मुलांचं आधी ५८ टक्क्यांनी वाढायचं, कुत्रा आल्यावर १० टक्क्यांनी, आणि कुत्रा नेल्यावर पुन्हा ४८ टक्क्यांनी. मुलांची तुलना त्यांच्या स्वतःशीच केलेली आहे, त्यामुळे यावरून फार मोठी उडी मारू नये. पण शरीरात काहीतरी खरोखर हलतं, एवढं यातून दिसतं.

दुसरा कॅनडातला, २००८ चा, आणि माझ्या दृष्टीने हाच जास्त मोलाचा. ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरी गेलेल्या कुत्र्यांचं काय होतं, हे त्यांनी पाहिलं. कुत्र्यांना पुरेशी विश्रांती मिळत नव्हती, मोकळं खेळायला वेळ नव्हता, मुलांकडून नकळत ओढाताण व्हायची, दिवसाला ठरलेला क्रम नव्हता. मुलाचं भलं व्हावं म्हणून आणलेला जीव थकून चालला होता, आणि घरातल्यांच्या ते लक्षात यायला उशीर होत होता.

वाचून झाल्यावर बायको म्हणाली, "मग झोपेचं काम त्याच्याकडून काढून टाक. रात्र त्याची." तिचं बरोबर आहे. लेकाच्या झोपेचं आपण डॉक्टरांकडे बघू. कुत्र्याकडून तीनच कामं मागायची: रस्त्यावर शेजारी चालणं, मनगट तोंडात गेलं की नाकाने ढुशी देऊन थांबवणं, आणि मांडीवर-पायांवर भार टाकून पडून राहणं. या पलीकडे एकही नाही. आणि रोज सुटी, म्हणजे रोज.

१० मार्च २०२४

विकत किंवा दत्तक घेण्याआधी लेकाला कुत्रा मानवतो का, हे बघणं भाग होतं. मुंबई-पुण्यात 'ॲनिमल एंजल्स फाउंडेशन'सारख्या संस्था शिकवलेली कुत्री घेऊन मुलांबरोबर सत्रं करतात. ती कुत्री घरी राहायला येत नाहीत, हा त्यांच्यातला आणि आपल्याला हव्या असलेल्या कुत्र्यातला फरक. आमच्या ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) मॅडमनी एका ओळखीच्या प्रशिक्षकांशी गाठ घालून दिली आणि त्यांच्या कुत्र्याबरोबर काही शनिवार गेले.

आम्हाला वाटलं होतं लेक त्याला हात लावेल, कुरवाळेल. तसं काही झालं नाही. तो त्याच्यापासून हातभर अंतरावर भिंतीला टेकून बसला आणि कुत्रा श्वास घेताना त्याचं पोट वर-खाली होतं ते बघत राहिला. नंतर स्वतःच्या पोटावर हात ठेवला. मॅडम म्हणाल्या, हे पुष्कळ आहे. ॲलर्जी नाही, भीती नाही, कुत्र्याचा वास चालतो. भुंकणं चालत नाही, हे टिपून ठेवलं.

१९ मे २०२४

ट्रेनर सर पहिल्याच भेटीत म्हणाले, "पिल्लू घेऊ नका. आठ आठवड्यांच्या पिल्लावरून मोठेपणी ते कसं निघेल हे मला सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. दीड-दोन वर्षांचं, स्वभाव ठरलेलं जनावर बघू." मला हे फार पटलं. पिल्लाचे दात, शू-शी, रात्रीचं रडणं, हे सगळं आमच्या घरात आणखी एका लहान मुलासारखं झालं असतं.

आज एक लॅब्राडोर कुत्री पाहिली. पावणेदोन वर्षांची, फिकट सायीच्या रंगाची. तिच्या घरची माणसं परदेशी चालली आहेत. सरांनी आधी नुसतं बसून तिच्याकडे पाहिलं. मग कान हातात घेतले, पंजे दाबले, शेपूट हलकेच ओढली, खाताना भांड्यात हात घातला. ती बघत राहिली. मग त्यांनी तिच्या मागे फरशीवर स्टीलचं ताट टाकलं. आमचीच छाती धडधडली. ती दचकून बाजूला उडाली, कान मागे गेले. सर काही बोलले नाहीत, घड्याळाकडे बघत होते. काही क्षणांतच ती मान पुढे काढून आली, ताट हुंगलं, उलटं केलं आणि त्याखाली खायला काही आहे का ते बघितलं. सर म्हणाले, "दचकणं चालतं. दचकून परत येणारी पाहिजे."

खुब्याचा एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या करून मगच हो म्हणायचं ठरलंय. या जातीला खुब्याचा आजार असतो, आणि ज्या जिवाकडून काम घ्यायचं त्याचे सांधे आधी बघणं हे आपलं कर्तव्य आहे.

१६ जून २०२४

एक्स-रे चांगला आला. आज ती घरी आली. नाव लेकीने ठेवलं, ओवी.

बाल्कनीकडच्या कोपऱ्यात तिचं अंथरूण आणि पुढे लेकाच्या उंचीचं लाकडी कुंपण. त्यावर लाल गोल आणि लेकाचा फोटो, म्हणजे इथे तू नाही. जेलोवर 'ओवी झोपली' असं नवीन चित्र टाकलं. हा कोपरा ती यायच्या आठवडाभर आधीच तयार केला होता, त्यामुळे तो घराचा भाग म्हणूनच लेकाला माहीत आहे. तो कुंपणाशी उभा राहतो, आत जात नाही.

आईची अट होती: घरात देव आहेत, कुत्री स्वयंपाकघरात येता कामा नये. सर म्हणाले, "काकू, मग उंबरा तुम्हीच शिकवा तिला." आई दुपारभर स्टूल टाकून उंबऱ्याच्या आत बसली. ओवीचे पुढचे पाय बाहेर राहिले की लगेच उकडलेल्या रताळ्याचा तुकडा बाहेरच्या बाजूला. पाय आत आला की काही नाही, ओरडा नाही, हात नाही, नुसतं वाट बघणं. संध्याकाळपर्यंत ती उंबऱ्याबाहेर पोटावर पसरून आईकडे टक लावून होती. ओवीला या घरात पहिला धडा आईने दिला.

७ जुलै २०२४

शिकवण्याची पद्धत पूर्ण बक्षिसावर आहे. चोक चेन नाही, झटके नाहीत. अडचण आली ती क्लिकरची, म्हणजे दाबल्यावर वाजणाऱ्या छोट्या डबीची. योग्य क्षण टिपायला तो 'टक्' आवाज लागतो आणि लेकाला तो कानात टोचतो. म्हणून आम्ही हळू आवाजात 'हो' म्हणतो. ओवीला चार दिवसांत कळलं.

आज्ञांचे शब्द निवडतानाही घराचा विचार करावा लागला. 'बस', 'ये', 'थांब' हे आम्ही लेकाला दिवसातून शंभर वेळा म्हणतो. एकाच शब्दाने दोघांनी काम सुरू केलं तर घोटाळा. म्हणून मांडीवर हनुवटी ठेवायला 'टेक', अंथरुणावर जायला 'पाट', चालताना उभं राहायला 'खांब'. सुटी झाली की जाकीट काढायचं आणि 'सुटली' म्हणायचं. जाकीट अंगावर नसेल तेव्हा तिला कोणी काम सांगायचं नाही. पाहुण्यांनी कौतुकाने सांगितलं तरी नाही.

सुटीचा तास लेकीचा आहे. संध्याकाळी सहाला ती ओवीला घेऊन खाली मागच्या मोकळ्या जागेत जाते, दोरी ओढायचे खेळ खेळते. ती परवा म्हणाली, "बाबा, या घरात सगळं त्याच्यासाठी येतं. ओवी अर्धी माझी." मी म्हटलं, बरोबर आहे, लिहून ठेवतो. लिहून ठेवलं.

१८ ऑगस्ट २०२४

सोसायटीची सभा. दोघांनी लेखी हरकत घेतली होती: लिफ्टमध्ये कुत्रा नको, लहान मुलं आहेत. मी महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना, रेबीजच्या लशीची नोंद आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकाची प्रत घेऊन गेलो. त्यात स्वच्छ लिहिलंय की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही, आणि लिफ्ट वापरायलाही सरसकट मनाई करता येत नाही.

पण परिपत्रक वाचून दाखवून शेजार जिंकता येत नाही. चौथ्या मजल्यावरच्या आजींना लहानपणी कुत्रा चावलेला, पोटात इंजेक्शनं घेतलेली. त्यांच्या भीतीला मी कायदा काय सांगणार? ठरलं असं की आजी लिफ्टपाशी असतील तर आम्ही जिन्याने जायचं, आणि सकाळच्या फिरण्याची वेळ ग्रुपवर आधी टाकायची. चेअरमननी लेकाबद्दल दोन वाक्यं बोलायला सांगितली. बायको बोलली. सभेत शांतपणे ऐकून घेतलं सगळ्यांनी. वॉचमनकाकांनी नंतर येऊन विचारलं की टँकर आत घ्यायच्या आधी फोन करू का. एवढी वर्षं हे आम्हाला सुचलं नव्हतं. आता करतात.

१५ सप्टेंबर २०२४

गणपतीचे दिवस. पुण्यात ढोल-ताशा पथकांचा सराव महिना-दीड महिना आधीच नदीपात्रात सुरू होतो, त्याचा आम्ही शिकवण्यासाठी उपयोग केला. पहिल्यांदा इतक्या लांब उभं राहिलो की आवाज जेमतेम ऐकू येईल. ओवी खात राहिली की थोडं पुढे. जांभई, ओठ चाटणं, मान फिरवणं, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसणं, यातलं काही दिसलं की मागे. ही कुत्र्याची 'पुरे झालं' म्हणायची भाषा आहे. लेकाला ती वाचता येत नाही, म्हणून ती आम्हा मोठ्यांना वाचता आलीच पाहिजे. त्या दोघांना एकटं सोडायचं नाही, पाच मिनिटंही नाही, हा नियम त्यातूनच येतो.

विसर्जनाला मात्र दोघांनाही शहरात ठेवणार नाही. रत्नागिरीला आजोळी जातोय, गाडीने. रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर फर्स्ट एसीची अख्खी कूपे लागते, नाहीतर तो ब्रेकव्हॅनच्या पेटीत. त्या पेटीत मी तिला घालणार नाही.

८ डिसेंबर २०२४

'टेक' या एका कामावर दिवाळीपासून चाललंय, आणि आज त्याबद्दल सविस्तर लिहायचं.

पायरी पहिली: माझ्या तळहातावर हनुवटी. पायरी दुसरी: खुर्चीवरच्या उशीवर. तिसरी: माझ्या मांडीवर, मग बायकोच्या, मग लेकीच्या. वेळ हळूहळू वाढवत दोन मिनिटांपर्यंत. मग हनुवटीऐवजी छाती आणि पुढचे पाय. मग मी रडायचं नाटक करायचं, हात हलवायचे, पाय आपटायचे, तरी तिने उठू नये. आणि तिला खरंच उठावंसं वाटलं तर उठू द्यायचं, पुन्हा बोलवायचं नाही. सरांचा यावर कटाक्ष आहे. जबरदस्तीने पडून राहिलेल्या कुत्र्याचं अंग ताठ असतं, आणि ताठ अंगाचा भार लेकाला शांत करत नाही, उलट बिथरवतो. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

लेकाकडची तयारी ओटीच्या मॅडमनी करून घेतली. भाराचा उपयोग त्याला नवा नाही, जड पांघरूण तो आधीपासून वापरतो. फरक इतकाच की पांघरूण हलत नाही आणि ओवी श्वास घेते. आधी पायांवर उशी, मग उशीवर ओवीचं जाकीट, मग ओवी, मध्ये पांघरुणाची घडी, कारण केसांचा थेट स्पर्श त्याला नको असतो.

काल वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं. लेक सोफ्याच्या कोपऱ्यात गेला, मनगट तोंडाकडे निघालं. बायको 'टेक' म्हणाली. ओवी चढली. त्याने पाय सरळ केले, मांडीवरचा खेळण्यातला टँकर उचलून बाजूला ठेवला, तिला जागा करून दिली. मनगट चावलं त्याने, पण सोडलंही लगेच. ड्रिल चालू होतं तोवर तिच्या जाकिटाची शिवण बोटाने चाचपत होता. ड्रिल बंद झाल्यावर ओवी उतरली आणि थेट आपल्या कोपऱ्यात जाऊन पाठ करून झोपली. संध्याकाळी तिला कोणतंही काम दिलं नाही.

१९ जानेवारी २०२५

रस्त्यावर चालण्याच्या कामाचा निर्णय. बाहेर काही संस्था मुलाच्या कमरेचा पट्टा कुत्र्याच्या हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीभोवतीच्या पट्ट्यांना, जोडतात. मूल पळालं की कुत्रा बसकण मारतो आणि मूल थांबतं. काही संस्था हे करत नाहीत. आम्ही नाही करणार. लेक २८ किलोचा, ओवी २७ ची. तो जीव खाऊन धावला की सगळा झटका तिच्या पाठीच्या कण्यावर. मला ते अन्यायाचं वाटतं, आणि त्याचं वजन दरवर्षी वाढणार आहे.

त्याऐवजी हार्नेसला मूठ. लेकाने ती धरून चालायचं, ओवीचा पट्टा मोठ्या माणसाच्या हातात. बाजारच्या हार्नेसची मूठ रबरी होती, तिला तो बोट लावेना. आईने जुन्या नऊवारीच्या काठापदराचं मऊ सुती कापड घेऊन गोधडीच्या टाक्यांनी तिच्यावर खोळ शिवली. आता धरतो. अंगठा टाक्यांवरून फिरवत चालतो.

१३ एप्रिल २०२५

उन्हाचं वेळापत्रक: सकाळी सातच्या आत, संध्याकाळी साडेसातनंतर. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवायची, चटका बसला तर तिचे पंजेही भाजणार. वेताळ टेकडीवर रविवारी पहाटे तिला पट्ट्याशिवाय नाही, लांब दोरीवर सोडतो. ते फक्त हुंगायला. जाकीट घरी.

२० जुलै २०२५

ओवी आजारी. आधी जेवण सोडलं, मग ताप, हिरड्या फिकट. पशुवैद्यांनी रक्त तपासलं, प्लेटलेट्स खाली आल्या होत्या. गोचीड ताप. पावसाळ्यात पुण्यात हा आजार घरोघरच्या कुत्र्यांना होतो. डॉक्सिसायक्लिनचा चार आठवड्यांचा कोर्स, पूर्ण विश्रांती, रक्त पुन्हा तपासायचं.

सगळं काम बंद. लेकाला जेलोवर 'ओवी आजारी' दाखवलं. पहिल्या दिवशी तो कुंपणाशी उभा राहून स्वतःची मांडी थोपटत होता, ती येते तेव्हाची खूण. ती आली नाही. त्या आठवड्यात मनगट पुन्हा सोललं. क्युबेकच्या अभ्यासातला तो ४८ चा आकडा मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळला.

यातून एक ठरलं ते कायमचं: ओवी असतानाही आठवड्यातले दोन दिवस ड्रिल-मिक्सरच्या वेळी जड पांघरूण आणि कानावरचे हेडफोन वापरायचे, म्हणजे ते हाताशी राहतील. ज्या आधाराला ताप येऊ शकतो, तो एकटा आधार असू नये.

२४ ऑगस्ट २०२५

ओवी बरी आहे, रक्त चांगलं आलं, हळूहळू काम सुरू. पण बाहेरची हवा बदलली आहे. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवायचा आदेश दिला, २२ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडायची, रेबीज झालेली किंवा आक्रमक सोडून. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन आठवडे याशिवाय विषय नाही, आणि पट्ट्यातल्या ओवीकडेही लोक वेगळ्या नजरेने बघायला लागलेत. एकाने लेकाच्या देखत "हेही उचलून न्या" म्हटलं.

मी वाद घातला नाही. आमच्या गल्लीतल्या तीन भटक्या कुत्र्यांचं लसीकरण झालंय का, हे मात्र बायकोने स्थानिक कार्यकर्त्यांबरोबर बसून बघून घेतलं. कारण ओवी शेजारी असताना भटकं कुत्रं अंगावर आलं तर सगळ्यात आधी घाबरणार तो लेक. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सुटणं ही आमच्या कामाचीही गरज आहे, आणि तो लसीकरण-नसबंदीनेच सुटेल असं माझं मत आहे.

९ नोव्हेंबर २०२५

सकाळी थेरपी सेंटरच्या गल्लीत टँकर मागे घेत होता. बायको, लेक, ओवी. लेकाचा हात मुठीवर, नजर टँकरवर, आणि तो निघाला. बायको 'खांब' म्हणाली. ओवी जागच्या जागी उभी राहिली. त्याने मूठ सोडली नाही, ओढली. ओढली गेली नाही म्हणून तो मागे वळून मुठीकडे बघायला लागला. तेवढ्यात बायकोने त्याचं दुसरं मनगट धरलं. मग तिघांनी फुटपाथवर उभं राहून टँकर पूर्ण रिकामा होईपर्यंत बघितला. थेरपीला उशीर झाला.

याच्या आधीच्या आठवड्यात त्याने मूठ सोडून धाव घेतली होती, तेही इथे असू दे. ओवीमुळे पळणं बंद झालेलं नाही. पळण्याआधी आम्हाला दोन-तीन सेकंद मिळायला लागले आहेत, आणि त्याच्या आईचा हात पोचायला तेवढे लागतात.

७ डिसेंबर २०२५

शाळेशी बोलणं झालं. वर्गात ओवी नको, हे मुख्याध्यापकांचं म्हणणं मला मान्य आहे. पंचवीस मुलांच्या गोंगाटात कुत्र्याला तिचा कोपरा कोण देणार? फाटकापर्यंत ती येईल, तिथून शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्यासोबत राहणारे शिक्षक, त्याला घेतील. फाटकावरची ताटातूट रोज सारखीच व्हावी म्हणून क्रम चित्रांत काढून दिला: मूठ सोड, ओवीला 'सुटली' म्हण, बॅग घे. 'सुटली' तो जेलोवर दाबतो.

ओटीच्या मॅडमकडून नंबर घेऊन दोन आई-वडिलांनी फोन केले, त्यांनाही कुत्रा आणायचाय. त्यांना जे सांगितलं ते इथे टिपतो, पुन्हा कोणी विचारेल तेव्हा हाताशी असावं. घरात रोज दोन तास देणारा मोठा माणूस नक्की कोण, ते आधी ठरवा, कारण कुत्रा मुलाचं ऐकत नाही, त्या माणसाचं ऐकतो. खाणं, लस, औषधं, ट्रेनर मिळून दरमहा चांगली रक्कम लागते, ती दहा-बारा वर्षं लागणार आहे. थेरपीचे पैसे कापून ती काढू नका. ट्रेनरला विचारा की कुत्र्याने नकार दिला तर तुम्ही काय करता. त्याचं उत्तर पटलं नाही तर दुसरा बघा. आणि आणण्याआधी मुलाला कुणाच्या तरी शांत कुत्र्याजवळ भिंतीला टेकून बसू द्या, घाई न करता.

एका बाबांनी विचारलं, फरक पडतो का. मी म्हटलं, आमच्याकडे तीन गोष्टींत पडला, बाकी मूल आहे तसंच आहे, आणि ते तसं असायला आमची हरकत नाही.

पुढच्या महिन्याचं काम: ओवीचं वजन आजारानंतर २९ वर गेलंय, ते २७ वर आणायचं. आई रताळ्याचे तुकडे अजूनही देते, ते तिच्या जेवणातून वजा करायचे. जाकिटाची शिवण लेकाने चाचपून उसवली आहे, नवं शिवायला टाकायचं, शिवण तशीच जाड ठेवून. आणि ढुशीचं काम लेकीला शिकायचंय. सहाच्या खेळाचा तास तसाच ठेवून, या अटीवर मी हो म्हटलंय.